तेलाचा हिशेब

मुद्राचित्रणाच्या, म्हणजे पत्र्यावरून चित्रे छापण्याच्या, कार्यशाळेत मी विद्यार्थ्यांना शिकवतो आणि चित्रकारांना प्रती छापून देतो. ऐन एप्रिलमध्ये आलेल्या एका ज्येष्ठ चित्रकार बाईंनी या दोन्ही कामांची एकदमच परीक्षा घेतली. त्यांचा हात तैलरंगांचा, आणि त्यांना जस्ताच्या एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात, अनेक रंग उमटवायचे होते.

ही व्हिस्कॉसिटी (म्हणजे शाईच्या घट्ट-पातळपणावर चालणारी) पद्धत पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार स्टॅनली विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत घडली. कृष्णा रेड्डी आणि मूळचे मुंबईचे कैको मोती यांचा त्यात मोठा वाटा होता. पत्रा आम्लात कमी-अधिक खोल खाऊ द्यायचा, जवसाचे तेल घालून पातळ केलेली शाई कडक रोलरने वरच्या पातळीवर लावायची आणि मग घट्ट शाईचा मऊ रोलर फिरवायचा. मऊ रोलर खोलगट भागापर्यंत पोचतो, पण वरचा तेलकट थर त्याची शाई स्वीकारत नाही, म्हणून रंग मिसळत नाहीत.

बाईंना हे काही केल्या पटेना. तेव्हा मी विद्यार्थ्यांना रोलरांचा क्रम मुद्दाम उलटा करायला लावला आणि अपेक्षेप्रमाणे लाल-निळ्याचा चिखल कागदावर उतरला. मुले हसली, बाई मात्र कडेचा एक पट्टा निरखत म्हणाल्या, “मास्तर, एवढा मळकटपणा मला ठेवायचाय.”

चित्रकाराचा हट्ट मोडणे हे छापणाऱ्याचे काम नव्हे, असे मी मानतो (मुलांनाही हेच सांगत आलो आहे). पण प्रुफात, म्हणजे चाचणीच्या छापात, जे आपसूक आले, ते २० प्रतींत हुकमी यायला हवे होते. कागदाचा साचा कापून त्या पट्ट्यापुरती घट्ट लाल शाई आधी दिली आणि तिच्यावरून पातळ निळी फिरवली. रोलरचा घेर मोठा असल्याने पत्रा एकाच फेरीत झाकला गेला. दुसरी फेरी लागती, तर रोलरने उचललेला लाल रंग सर्वत्र पसरला असता. उकाड्याने दुपारी शाई सैल पडू लागली, तेव्हा मॅग्नेशियम कार्बोनेट घालून ती पुन्हा घट्ट केली.

संध्याकाळी बाईंनी एका प्रुफावर ‘याप्रमाणे छापावे’ असे पेन्सिलीने लिहून सही केली. प्रती दुसऱ्या दिवशी, ऊन चढण्याआधी, विद्यार्थ्यांनीच छापायला घेतल्या; शाईत तेल घालण्याचे काम तेवढे मी कोणाकडे दिले नाही.