आधी बॅटरी बदलू की ऑइल कूलर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न तसा जुनाच आहे, फक्त दर वेळी गाडीचा रंग बदलतो. ‘काका, जुनी पोर्शे नाइन-इलेव्हन आहे. ट्रॅफिकमध्ये तेल तापतं आणि दोन आठवडे उभी राहिली की बॅटरी बसते. आधी काय बदलू?’

आधी काहीच बदलू नका. आधी मीटर (मल्टिमीटर) लावा.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गोरेगावला छोटा गाळा आहे. अशा गाड्या मुंबईत मोजक्याच, आणि त्यातल्या ज्या मॉडेलवर माझा हात बसलाय ते म्हणजे १९८४ ते १९८९ मधलं ३.२ कॅरेरा. तेव्हा पुढचं सगळं त्या गाडीबद्दल. नव्या, पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीवाल्यांनी यातलं बॅटरीचं तेवढं घ्यावं.

या गाडीत पाण्याचा रेडिएटर नाही. इंजिन मागे, आणि ते थंड होतं हवेने आणि तेलाने. म्हणून तेल तरी किती, तर जवळजवळ १३ लिटर. आपल्या साध्या हॅचबॅकला तीन-साडेतीन लिटर पुरतं. हे तेल इंजिनखालच्या चेंबरमध्ये साठत नाही, उजव्या मागच्या चाकामागे त्याची वेगळी टाकी आहे. एक कूलर इंजिनलाच लागून. दुसरा थेट पुढे, उजव्या मडगार्डच्या आत, आणि तिथपर्यंत गाडीच्या कडेने पाइप गेलेत. तेल साधारण ८५ अंशांच्या आसपास पोचलं की थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, उघडतो आणि मग ते पुढच्या कूलरकडे जातं.

मागे जो मोठा पंखा दिसतो, त्याच्या पोटातच अल्टरनेटर बसवलेला आहे. पंखा आणि अल्टरनेटर दोन्ही एकाच बेल्टवर. म्हणजे चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर इतर गाड्यांसारखं ‘घरापर्यंत जाईल आरामात’ म्हणून रेटायचं नाही. बेल्ट तुटला असेल तर चार्जिंगबरोबर इंजिनावरची हवाही गेली. जागा मिळेल तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मागे जाऊन बेल्ट बघा. एक जादा बेल्ट आणि तो चढवायची हत्यारं गाडीत असायलाच हवीत.

आता तापण्याचं. माहीमच्या सिग्नलला मे महिन्यात दुपारी तेलाच्या तापमानाचा काटा शंभरच्या वर गेला म्हणून लगेच कूलर खराब ठरत नाही. पुढचा कूलर मडगार्डमध्ये आहे, गाडी पळाली तरच त्याला हवा मिळते. १९८७ पासूनच्या गाड्यांना तिथे इलेक्ट्रिक पंखा आहे, पण तोही तेल शंभरच्या बरंच पुढे गेल्यावरच सुरू होतो. त्यात तुम्ही एसी लावलेला. या गाडीत एसीचा एक कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) मागच्या झाकणालाच आहे, म्हणजे इंजिनाचा पंखा जी हवा ओढतो ती कंडेन्सरने आधीच तापवलेली असते. एसी बंद करून दोन सिग्नल जाऊ द्या, काटा काय म्हणतो बघा. (मालक हे ऐकून घेतात, पण एसी बंद करत नाहीत. मुंबईत कोण करेल?)

बघायचं ते हे, की तेल कधी तापतं. उभ्या गाडीत काटा चढतो आणि सी-लिंकवर चढलं की उतरतो, तर प्रश्न हवेचा आहे. पंखा, त्याचा फ्यूज, रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच), किंवा कूलरच्या जाळीत बसलेला चिखल आणि पाला. पावसाळा झाल्यावर आतलं प्लास्टिक काढून ती जाळी धुवायची, पण प्रेशर वॉशर लावायचा नाही, पत्रे वाकतात. उलट सी-लिंकवर ८०ने जातानाही काटा चढतच राहिला, तर तेल पुढे पोचतच नाहीये. इंजिन चांगलं तापलं की मागचा पाइप आणि पुढचा कूलर दोन्हींवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. मागे चटका बसेल इतकं गरम आणि पुढे कोमट, तर थर्मोस्टॅट अडकलाय. कूलर ठणठणीत आहे, त्यावर पैसे घालू नका.

तेलाची पातळीही बघा, पण नीट. इंजिन पूर्ण गरम, आयडलिंगवर चालू आणि गाडी सपाटीवर. सोसायटीच्या उतारावर, थंड इंजिनात डिपस्टिक काढून ‘तेल कमी आहे’ म्हणत लिटरभर ओतणारे खूप. जास्तीचं तेल मग एअर फिल्टरमध्ये येतं आणि मागून पांढरा धूर.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. कूलरकडे वळण्याआधी रात्री गाडी चालू ठेवून, काट्याकडे बघत हेडलाइट लावा. काटा टुणकन वर गेला? तेल काही एका सेकंदात दहा अंश तापत नाही. ही अर्थिंगची, म्हणजे करंट धातूतून बॅटरीकडे परतायच्या वाटेची, भानगड आहे. सेन्सर इंजिनावर, काटा डॅशबोर्डात, आणि दोघांच्या मधली अर्थिंग कुजलेली असली की लोड पडल्याबरोबर काटा खोटं बोलतो.

वरळी सी फेसवर राहणाऱ्या एका साहेबांची गाडी आली होती. तक्रार दोन्ही, तेल तापतं आणि सेल्फ (स्टार्टर) रडतो. बॅटरी नवी कोरी. दुसऱ्या एका गॅरेजने सेल्फ बदलायला सांगितलं होतं, पार्ट बाहेरून मागवायचा म्हणजे खर्च केवढा! मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी वायर लांबवून इंजिनाच्या धातूवर धरली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. दीड व्होल्टच्या वर गेलं. गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते, इंजिनाची सगळी अर्थिंग तिच्यावर. समोर समुद्र, तीस-पस्तीस वर्षांची खारी हवा. पट्टी हिरवी पडली होती आणि लगपाशी, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या कडीपाशी, बोटाने दाबली तर तारा भुग्यासारख्या गळाल्या. लोहार चाळीतून जाड विणलेली पट्टी आणली, दोन्ही टोकांना लग दाबून बसवले, बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून खालचा पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. सेल्फ पहिल्या झटक्याला फिरला. आणि तेलाचा काटाही खाली आला. तेल तापलंच नव्हतं.

ही पट्टी कोणी बघत नाही, कारण ती दिसत नाही आणि स्वस्त आहे.

अर्थिंग नीट असूनही बॅटरी बसत असेल, तर लीकेज, म्हणजे बंद गाडीतही गळणारा करंट, शोधायचं. बॅटरी पुढच्या डिकीत डाव्या कोपऱ्यात. निगेटिव्ह काढा आणि केबल व टर्मिनलच्या मधे मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावा. पण डिकी उघडी असते म्हणून तिचा दिवा पेटलेला असतो, त्याचा बल्ब आधी काढा, नाहीतर तुम्ही त्याचाच करंट मोजत बसाल. गाडी लॉक करा, अलार्म झोपेपर्यंत चहा घेऊन या. मीटर मधे असताना चावी अजिबात फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जातो. ३० ते ५० मिलीअँपिअर ठीक. त्याच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. माझ्या अनुभवात चोर बहुतेकदा कंपनीचा नसतोच. कुणीतरी नंतर बसवलेला अलार्म, अ‍ॅम्प्लिफायर, किंवा चावी काढल्यावरही चालू राहणारी स्टिरिओची वायर.

हिशेब सोपा आहे. ३०० मिलीअँपिअर गळत असतील तर दिवसाला सात अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) जातात, म्हणजे आठवड्यात पन्नास. पाऊणशे अँपिअर-अवरची बॅटरी दुसऱ्या रविवारापर्यंत टिकणार नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.०च्या खाली असेल तर तिला आधी नीट चार्ज करा आणि मगच तिला नावं ठेवा. इंजिन चालू असताना १४च्या आसपास हवं.

शेवटी एक रविवारचा प्रकार. बरेच जण दर आठवड्याला गाडी पार्किंगमध्येच पाच मिनिटं चालू करून बंद करतात, ‘बॅटरी जिवंत राहावी’ म्हणून. बघा, अगदी निरोगी गाडीतसुद्धा ५० मिलीअँपिअरने आठवड्यात आठ-साडेआठ अँपिअर-अवर जातात. ते पाच मिनिटांत परत भरायचे तर बॅटरीत शंभर अँपिअर ढकलावे लागतील. तुमचा अल्टरनेटर ९० अँपिअरचा, तोही चांगल्या आरपीएमला. आणि पाच मिनिटांत १३ लिटर तेल धड गरमही होत नाही, त्यातलं पाणी उडत नाही, उलट थोडं वाढतं. त्यापेक्षा चालवायला वेळ नसेल तर चालूच करू नका. निगेटिव्ह केबल काढून ठेवा किंवा मेंटेनन्स चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावा. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये प्लग देत नसतील, आणि देत नाहीतच, तर बॅटरी घरी नेऊन चार्ज करा, खिडकी उघडी ठेवून. वेळ मिळाला की पहाटे बाहेर पडा, कोस्टल रोडने जाऊन या, तेल पूर्ण गरम होऊ द्या. आणि परत आल्यावर, इंजिन गरम आहे तोवर, सपाट जागा बघून डिपस्टिक काढा.