तुम्ही विचारलंत म्हणून: नवा फोन घेऊ काय?

“आक्का, एवढी वर्षं मोबाईल दुरुस्तीत आहात, मग नव्या वस्तूचं नाव काढलं की लगेच ‘थांब’ का म्हणता?” हा प्रश्न मला बेळगावच्या खडेबाजारातल्या माझ्या दुकानात विचारतात, खानापूरच्या लग्नात पंगतीला बसल्यावरही विचारतात. विचारणारी पोरं बहुतेक कॉलेजातली. हातात कुठल्यातरी नव्या फोनचा व्हिडिओ चालू असतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “मग घेऊ काय, नको?” काहींना वाटतं, दुरुस्तीवर पोट आहे म्हणून मी जुन्याची बाजू घेते. तसं नाही. नवे सेटही बिघडतात आणि माझ्याच टेबलावर येतात.

खरं कारण वेगळं आहे. गॅजेटच्या बातम्या सगळ्या पहिल्या दिवसाच्या असतात. आज काय बाजारात आलं, किती पातळ, किती मेगापिक्सेल, आत कुठली चिप. मी वस्तू बघते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी: बॅटरी उतरलेली, काच तडकलेली, कंपनीनं अपडेट थांबवलेले. आणि आमच्याकडे फोन एकाच हातात राहत नाही. आधी मुलगा वापरतो, मग तो वडिलांकडे जातो, मग आजीकडे भजनं ऐकायला. घरच्या तीन माणसांना पुरायची वस्तू पहिल्या दिवसाच्या कौतुकावर घ्यायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

उदाहरण देते. २०२३ च्या नोव्हेंबरात ह्यूमेन नावाच्या अमेरिकन कंपनीनं कपड्याला लावायची एआय पिन जाहीर केली. तिला पडदा नव्हता. आपण बोलायचं, ती उत्तर देणार, तळहातावर अक्षरं उमटवणार. आता फोनचे दिवस भरले, अशी चर्चा सुरू झाली. किंमत ६९९ डॉलर, शिवाय दर महिन्याला २४ डॉलर. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती लोकांना मिळाली. २०२५ च्या फेब्रुवारीत एचपीनं त्या कंपनीचा मोठा भाग ११ कोटी ६० लाख डॉलरला घेतला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पिनांचं काम थांबलं. वर्षही झालं नव्हतं. आतली बॅटरी, कॅमेरा, चिप सगळं शाबूत होतं. पलीकडचा सर्व्हर, म्हणजे कंपनीचा संगणक, बंद झाला म्हणून लोकांच्या हातातली वस्तू मेली. गाणी ऐकायला गाडीत लावायचं स्पॉटिफायचं ‘कार थिंग’ असंच गेलं. २०२२ मध्ये कंपनीनं ते बनवणं सोडलं आणि ९ डिसेंबर २०२४ पासून विकलेली यंत्रंही चालेनाशी केली. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, हॉट एअर आहे, सोल्डरिंगचा हात आहे. पण परदेशातल्या सर्व्हरला मला डाग मारता येत नाही.

म्हणून उद्यमबागेतल्या कारखान्यांची माणसं कॅमेरे लावायचेत म्हणून सल्ला विचारायला आली की मी पहिल्यांदा हेच विचारते: इंटरनेट गेलं किंवा कंपनीनं गाशा गुंडाळला तर रेकॉर्डिंग कुठं राहणार? तुमच्याच ऑफिसातल्या डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या, हार्डडिस्कवर राहत असेल तर घ्या. महिन्याचे पैसे भरले तरच दिसणार असेल तर तो कॅमेरा तुम्ही विकत घेतलेलाच नाही.

आता बॅटरी. यावर मी जास्त बोलणार, कारण इथंच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मध्यंतरी कडोलीच्या एक मावशी सेट घेऊन आल्या. मुलगा फौजेत, त्याचा व्हिडिओ कॉल येतो तो याच फोनवर. मागचं झाकण एका कडेनं उचललं होतं. बॅटरी फुगली होती. नेहमी मी सेट हीटिंग प्लेटवर ठेवते, गोंद सैल झाला की झाकण सुटतं. फुगलेल्या बॅटरीला उष्णता देता येत नाही, आग लागू शकते. मग कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, थांबायचं, प्लास्टिकची पातळ पट्टी केसभर आत सरकवायची, पुन्हा थेंब, पुन्हा थांबायचं. लोखंडी पाती वापरायची नाही, कारण बॅटरीला भोक पडलं तर आतून धूर येतो आणि मग आवरत नाही. झाकण निघालं तर खाली बॅटरी पूर्ण पाठीनं चिकटवलेली. तीही तशीच इंचाइंचानं सोडवली. मावशी स्टुलावर बसून होत्या, “त्याचे फोटो जाणार नाहीत न्हवं?” एवढंच अधूनमधून विचारत होत्या. फोटो राहिले. नवी बॅटरी बसली, फोन चालू झाला, आणि दुसऱ्या एका दुकानात त्यांना जो नवा फोन घ्यायला सांगितलं होतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं.

आधीच्या फोनांना नखानं झाकण निघायचं. बॅटरी गावच्या किराणा दुकानातसुद्धा मिळायची आणि ती आजीसुद्धा बदलायची. बॅटरी तर झिजणारच, लिथियमचा तो धर्मच आहे. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांबद्दल ॲपल स्वतः सांगतं की ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीत ८० टक्के ताकद राहावी असा हिशेब आहे. म्हणजे दीड-दोन वर्षांची गोष्ट. जी वस्तू नक्की झिजणार ती गोंदानं चिकटवून ठेवायची, याला मी प्रगती म्हणत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी स्वस्तात बॅटऱ्या बदलून दिल्या आणि तेच फोन पुन्हा पळायला लागले. किती लोकांनी तोवर चांगले फोन मोडीत काढले असतील! “फोन स्लो झालाय” म्हणून कुणी आलं की मी आधी बॅटरी तपासते, मग स्टोरेज बघते. व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढले तरी निम्मे सेट सुधारतात.

या बाबतीत खरी बातमी कुठली, तर युरोपातली, आणि ती आमच्या पोरांच्या मोबाईलवर कधी येत नाही. २० जून २०२५ पासून तिथं विकायला येणाऱ्या नव्या फोनांना नियम लागला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, निदान ५ वर्षं अपडेट दिले पाहिजेत, ८०० वेळा चार्ज झाल्यावर बॅटरीत ८० टक्के ताकद उरली पाहिजे. दुरुस्तीला फोन किती सोपा आहे याची श्रेणी लेबलवर छापायची. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला की नवा पार्ट मूळ बोर्डाशी सॉफ्टवेअरनं बांधून बाहेरच्या कारागिराची वाट अडवता येणार नाही. ही अडवणूक म्हणजे काय ते मला रोज दिसतं. दोन सारखे फोन, दोन्ही अस्सल. एकाचा फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, काढून दुसऱ्याला लावला की पडद्यावर इशारा येतो. गिऱ्हाईकाला वाटतं आक्कानं डुप्लिकेट माल घातला.

आपल्याकडेही हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. फोन आणि घरगुती यंत्रं दुरुस्तीला किती सोपी आहेत याचे गुण कसे द्यावेत, हे ठरवायला २०२४ मध्ये समिती नेमली आणि २०२५ च्या मे महिन्यात तिनं अहवाल दिला. फ्रान्समध्ये असे गुण २०२१ पासून दुकानातच वाचायला मिळतात. मला ते बेळगावात, गणपत गल्लीतल्या शोरूमच्या काचेमागे, किमतीच्या शेजारी लिहिलेले बघायचे आहेत. एवढी एक गोष्ट झाली तर पोरांना माझ्याकडे विचारायला यावं लागणार नाही.

पावसाळ्यात आणखी एक दुखणं असतं. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. “आक्का, वॉटरप्रूफ होता की ओ,” म्हणत लोक ओला सेट पुढं ठेवतात. फोनच्या माहितीत लिहिलेली आयपी-६८ ही पाण्या-धुळीपासून बचावाची खूण प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यातल्या परीक्षेची आहे. दुचाकीवर खिशात भिजणं, चिखल, घाम, साबणाचं पाणी यांची ती परीक्षा नाही. आतली रबराची आणि गोंदाची कड वर्षागणिक सैल होते, आणि फोन एकदा उघडला की कंपनीनं बसवलेली मूळ कड राहत नाही. पाणी शिरलं तर वॉरंटीही साधारणपणे मिळत नाही. मग जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून का दाखवतात, हा प्रश्न गिऱ्हाईकानं विचारला पाहिजे. भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि तांदळात पुरू नका. तांदळाचं पीठ आणि बारीक कण चार्जिंगच्या जॅकमध्ये बसतात, ते मी ब्रशनं काढत बसते.

आता सगळीकडे ‘एआय फोन’. इथं मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत, कारण यातलं काही खरोखर कामाचं आहे. सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसाला नोटीस कन्नडमध्ये येते, शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो. येळ्ळूरचे एक काका कागद काउंटरवर पसरतात, वर कॅमेरा धरतात आणि मराठीत वाचतात. पूर्वी यासाठी शेजारच्या पोराला हाक मारायला लागायची. स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतः वाचता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि हे काम साध्या, जुन्या फोनवरही होतं. फक्त तेवढ्यावर सही करू नका, हे मी काकांना बजावते. नावं, सर्व्हे नंबर, कायद्याची भाषा यांत यंत्र चुकतं आणि चुकलं तरी ठासून सांगतं. सहीआधी कन्नड येणाऱ्या माणसाला कागद दाखवायचाच.

पण ‘एआय’ हे नाव लावून जे विकतात त्यातलं पुष्कळसं अजून आलेलंच नसतं. ॲपलनं २०२४ च्या जूनमध्ये नवी, हुशार सिरी (आयफोनमधली बोलून काम करणारी मदतनीस) दाखवली, आयफोन १६ च्या जाहिरातीत ती वापरली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये सांगितलं की वेळ लागेल. ज्यांनी तिच्यासाठी फोन घेतला त्यांचे पैसे तर गेले होते. गुगलच्या जेमिनाय लाइव्हला, म्हणजे बोलून उत्तर देणाऱ्या एआयला, २०२४ पासून मराठी येतं, चांगली गोष्ट आहे. पण आमच्याकडे एका वाक्यात मराठी, कन्नड, थोडी कोकणी आणि दोन इंग्रजी शब्द येतात, आणि तिथं ते अडखळतं. पुढं सुधारेल, मला आशा आहे. सुधारल्यावर पैसे द्या. आजच्या किमतीत उद्याचं आश्वासन विकत घेऊ नका.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. २०० मेगापिक्सेलचा फोन एरवी १६ ठिपक्यांचा एक करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो ठेवतो. लेन्स आणि सेन्सरचा आकार महत्त्वाचा, बॉक्सवरचा आकडा नाही. एका दुपारी दुकानात दोन फोननी एकच फोटो काढून बघा.

नेटवर्कचं मात्र या भागात नीट बघायला हवं. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. बातमी सगळ्यांनी वाचली, पण खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांवर टेकडी आडवी आली की फोनवरची रेघ जाते. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीवर इंटरनेट जोरात चालतं, पण ती भिंतीलाही अडखळते. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते. शिनोळीच्या आसपास फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्रातला, स्वागताचा मेसेजही येतो. रोमिंगचे पैसे लागायचे तेव्हा आमच्या लोकांनी याच्यापायी बिलं भरली आहेत. तेव्हा गावात कुणाचं कुठलं सिम चालतं ते आधी विचारा, आणि वायफाय कॉलिंग असलेला फोन घ्या. घरात वायफाय असेल तर टॉवर नसतानाही फोन लागतो.

तर, घेऊ काय? आधी जुना सेट आणा. बॅटरी, चार्जिंगचा सब-बोर्ड आणि काच यांच्यावर भागत असेल तर मी तसं सांगेन. बँकेचं ॲप चालेनासं झालं असेल, अपडेट बंद झाले असतील, बोर्ड गेला असेल, तर नवा घ्या, मीच सांगेन घ्या म्हणून. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये एस२४ ला ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. ते महाग फोन आहेत. दहा-बारा हजारांच्या फोनला किती वर्षं देणार ते दुकानदाराला विचारा. त्याच दमात विचारा, या मॉडेलची बॅटरी आणि फोल्डर बेळगावात मिळतो काय, आणि कितीला. त्याला सांगता आलं नाही तर मला फोन करा, मी रामदेव गल्लीतल्या पार्टवाल्याला विचारून सांगते.