हवा सोडून सगळं घेतलं होतं

आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं नाव 'गोवा फायनल' आहे आणि ते ठेवून नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत दोघांची गृहकर्जं आणि रव्याचं टक्कल सोडून काहीच फायनल झालं नाही. गेल्या डिसेंबरात मात्र गुरुवार ते सोमवार अशी पाच दिवसांची रजा चौघांनाही मिळाली, आणि कोणाचा विचार बदलायच्या आत मी मेकॅनिककडे गाडी टाकून आलो.

गाड्या तीन. सच्याची बुलेट, मंदारची पल्सर आणि माझी चौदा वर्षांची स्प्लेंडर. रव्या गाडी चालवत नाही. तो माझ्यामागे बसणार हे कोणी ठरवलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याचं वजन ब्याण्णव किलो, वर त्याची सॅक.

सरळ कोल्हापूरमार्गे गेलं की पुण्याहून गोवा एका दिवसाचं काम. पण मंदारचं म्हणणं, समुद्र बघायला निघायचं आणि तो शेवटच्या तासात दिसणार, याला काय अर्थ आहे? म्हणून ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, आणि तिथून किनारा धरून खाली. मोबाइलवर बोट फिरवून त्याने अंतर काढलं आणि अडीच दिवसांत गोवा असं जाहीर केलं. कोकणात कधी गाडी न चालवलेल्या माणसाचंच हे गणित. त्या किनाऱ्याला ठरावीक अंतराने एकेक खाडी आत घुसलेली आहे. रेवस ते रेड्डी असा अख्खा सागरी महामार्ग करायचा हे अंतुल्यांचं जुनं स्वप्न. बऱ्याच खाड्यांवर पूल झालेही, पण सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तीन मोठ्या नद्यांच्या मुखाशी आम्हाला फेरीबोटीचीच वाट बघायची होती. बोट तिच्या वेळेने सुटते. तुमच्या गाडीला किती पिकअप आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

निघालो तो दिवस चंपाषष्ठीचा. मंदारकडे खंडोबाचं नवरात्र असतं. त्याच्या आईने पहाटे चारला उठून नैवेद्य दाखवला आणि भरीत-रोडग्याचा डबा बांधून दिला, म्हणून पाचचे साडेपाच झाले. मुळशीच्या पुढे धरणावरून असं धुकं चढलं होतं की काच वर करावी तर डोळ्यांतून पाणी आणि खाली करावी तर काही दिसेना. ताम्हिणीत एका कठड्यावर बसून ते भरीत खाल्लं. बोटं इतकी गारठली होती की रोडगा मोडता येईना. निजामपूर, माणगाव, म्हसळा. माणगावात टाक्या फुल्ल केल्या, कारण पुढे पंप लागेल तेव्हा लागेल.

नियम आम्ही दोनच केले होते. सगळ्यात हळू गाडी पुढे, म्हणजे मी. आणि कुठलाही फाटा आला की मागचा दिसेपर्यंत तो सोडायचा नाही. रेंज नसलेल्या भागात दुसऱ्या नियमाने आम्हाला निदान चार वेळा वाचवलं. एकदा मोडला, ते पुढे येईलच.

बागमांडल्याला दुपारी बारा वाजता पोचलो. बोटीत गाडी चढवणं वाटतं तेवढं सोपं नाही. लोखंडी रॅम्प ओला, त्यावर शेवाळाचा पातळ थर, आणि मागून माणूस ओरडतोय, "चला, चला, दाबा!" पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता, सरळ चढायचं. सच्याने मध्येच ब्रेक दाबला आणि एवढी मोठी बुलेट रॅम्पवर आडवी सरकली. दोघा खलाशांनी तिला पकडून शेळीसारखी आत ओढून नेली. गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर लावली आणि कठड्याला टेकलो. इथल्या सावित्रीचं पाणी महाबळेश्वरातून निघालेलं. आम्ही घाट उतरून इथवर आलो तसंच तेही. पंधराएक मिनिटांत पलीकडे वेश्वी. रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू झाला.

वेश्वीहून केळशीच्या वाटेवर, जांभ्याच्या उतारावर एक खड्डा मला उशिरा दिसला. धाडकन आवाज झाला, रव्याने एक शिवी दिली आणि शंभर पावलांवर मागचं चाक डुलायला लागलं.

आमच्याकडे अशा वेळी लागणारं सगळं होतं. नवी ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पाने, पॅच, सोल्युशन, हातमोजेसुद्धा. एक्सलचा नट सोडवला, चेन उतरवली, चाक बाहेर काढून रस्त्यावर आडवं टाकलं. टायरची कड लिव्हरने उचलताना मंदारच्या अंगठ्याची साल गेली. ट्यूब ओढून बघितली तर शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली की असंच होतं. मागे ब्याण्णव किलो असताना हवा दोन-चार पौंड जास्त भरायची असते, हे मला मेकॅनिकने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. नवी ट्यूब बसवली, टायर परत रिमवर चढवला, हात झटकले आणि मंदारला म्हटलं, "दे पंप."

मंदार म्हणाला, "पंप तू आणणार होतास ना?"

त्यानंतरचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही. दुपारचे दोन, सावली म्हणून एक काजूचं झाड, आणि चौघांच्या मिळून दीडशे वर्षांहून जास्त अनुभवात हवा तेवढी नव्हती. शेवटी वळणाआडून पों पों असा हॉर्न ऐकू आला. एक मासेवाला, एम-८०वर, मागे निळा डबा बांधलेला. न सांगताच थांबला, चाकाकडे बघितलं, आमच्या हातमोज्यांकडे बघितलं आणि डब्याखालून पायाने मारायचा पंप काढून दिला. रोज पाच गावं फिरायची तर पंक्चर त्याला पाचवीलाच पुजलेलं. रव्याने पंप मारला. ते न्याय्यच होतं. पैसे घेईना म्हणून त्याच्याकडचे उरलेले आठ बांगडे घेतले. ते पिशवीत घालून स्प्लेंडरच्या हँडलला लटकवले आणि आंजर्ल्यापर्यंत माझ्यामागे गाडी चालवायला कोणी तयार होईना.

आंजर्ल्यात घरगुती राहण्याची सोय होती. तिथल्या काकूंनी पिशवी उघडून बघितली, नाकाला पदर न लावता म्हणाल्या, "ताजे आहेत हो," आणि रात्री तिरफळ घातलेल्या रश्श्यात ते बांगडे पानात आले. रव्याने सहा वेळा भात घेतला. मला समोर उद्याचं टायर-प्रेशर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी हर्णै, दापोली करत दाभोळला आलो आणि वाशिष्ठीवरची बोट अगदी समोरच लागलेली मिळाली. पलीकडे धोपावे. मध्ये उजव्या हाताला वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. प्रकल्पाचं नाव कधीच बदललं, पण बोटीवर शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी तिकडे बोट दाखवून "एन्रॉन" असंच सांगितलं. गुहागर, वेळणेश्वर भराभर झालं. वेळेच्या पुढे होतो, आणि तिथेच घात झाला.

हेदवीला बामणघळ आहे. किनाऱ्याच्या कातळाला पडलेली एक अरुंद, खोल भेग. पूर्ण भरतीला लाट तिच्यात घुसते आणि कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. आम्ही गेलो तेव्हा घळ कोरडी होती. तिथल्या एका बुजुर्गांनी हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आज सप्तमी, साताची पाऊणपट सव्वापाच. पंचांगावरून समुद्राचं घड्याळ लावायची ही रीत मला इतकी आवडली की थांबूया असा आग्रह मीच धरला. साडेचारला घळीच्या तळाशी पाणी नुसतं चुळबुळत होतं. पाचला आतून ढोलासारखा आवाज यायला लागला. आणि सव्वापाचच्या आगेमागे पहिला फवारा वर आला तो थेट आमच्या डोक्यावर. पुढची वीस मिनिटं चाळिशी उलटलेले चार बाप्ये प्रत्येक लाटेला ओरडत होते.

तवसाळच्या जेट्टीकडे निघालो तेव्हा सच्या 'बोट थांबवतो' म्हणून पुढे सुटला. नियम मोडला. एका फाट्यावर तो डावीकडे गेला, आम्ही उजवीकडे. त्याला शोधून जेट्टीवर पोचेपर्यंत शास्त्रीच्या पात्रात अंधार उतरला होता आणि शेवटची बोट गेली होती. पलीकडे जयगडचे दिवे लखलखत होते. दगड मारला तर लागेल असं वाटावं इतके जवळ.

मग वळसा. परत मागे, आबलोली, भातगावचा पूल, जाकादेवी, चाफे. पाण्यावरून जे काही मिनिटांचं होतं ते रस्त्याने अडीच तासांचं झालं. स्प्लेंडरचा दिवा म्हणजे देवघरातल्या समईचा चुलतभाऊ, म्हणून मंदारने पल्सर माझ्या उजव्या अंगाला, जरा मागे ठेवली आणि त्याच्या उजेडात मी चालवली. एका वळणावर रानडुकराची माय-लेकरं रस्ता ओलांडत होती. आम्ही इंजिनं बंद करून उभे राहिलो. सगळी गेल्यावरही कोणी लगेच किक मारली नाही. भातगावच्या पुलावर थांबलो तेव्हा सप्तमीचा अर्धा चंद्र खाडीत पडला होता. सच्या म्हणाला, "सॉरी." नऊ वर्षांत हा शब्द ग्रुपवर कधी आला नव्हता. गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा सगळी स्वयंपाकघरं बंद. केळी आणि खारे शेंगदाणे खाऊन झोपलो.

तिसरा दिवस नुसता चालवण्याचा. आरे-वारेच्या वळणांवर दर पाचशे मीटरला फोटोसाठी थांबणाऱ्यांना मी नावं ठेवत असे. आम्ही सातदा थांबलो. पावस, पूर्णगड, गावखडीचं सुरूचं बन, आडिवरे, जैतापूर, पडेल कँटीन. हे गावाचं नाव नाही, तिठ्याचं आहे. रव्याने तिथे उतरून पडेल म्हणजे काय पडेल हे तीन जणांना विचारलं. देवगडच्या पवनचक्क्या, कुणकेश्वर, आचरा. दुपारनंतर बुडाची जी अवस्था होते तिला शब्द नाही. दर तासाला उतरून पाच मिनिटं चालणं हाच त्यावर उपाय. बाकी जेलच्या गाद्या वगैरे मी वापरून बघितल्या आहेत, ते सगळं उन्हात तापतं.

तारकर्लीत उतरलो ते अंधार पडता पडता. घरमालकीणबाईंनी आधी चहा दिला, मग चौकशी केली. उद्या गोवा, असं सच्याने सांगितलं.

"गोव्याक कित्याक जातास? थंय पण ह्योच दर्यो आसा."

"तिथे स्वस्त मिळते," सच्या म्हणाला.

"ती हंयसर पण गावता," असं म्हणून बाई आत गेल्या.

सकाळी हिशोब केला. गोवा गाठून सोमवारी पुण्यात पोचायचं तर गोव्यात जेमतेम एक रात्र मिळणार. मतदान झालं, सच्या एकटा पडला. तो दिवस समुद्रात काढला. संध्याकाळी बाईंनीच सांगितलं की जवळच्या गावात जत्रा आहे, रात्री दशावतार. अकरा वाजता देवळापुढच्या अंगणात हेल्मेटं उलटी ठेवून त्यावर बसलो. पेटीवाला, मृदंगवाला आणि एक बाकडं, एवढीच मांडामांड. राण्यासुद्धा पुरुषच, आणि राणीचं रडणं असं की पुढे बसलेल्या आज्या डोळे पुसत होत्या. संहिता लिहिलेली नसते, सगळं जागच्या जागी बोलायचं. एकदा राक्षसाने आमच्याकडे बघून पुण्याच्या पाहुण्यांवर एक वाक्य टाकलं आणि अख्खं अंगण हसलं. वाक्य मला नीट कळलं नाही, पण त्यात हेल्मेट होतं. अडीचच्या सुमाराला सच्याकडे बघितलं, तो तोंड उघडं ठेवून नाटक बघत होता. गोव्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

परतीचं फार नाही सांगत. फोंडा घाट चढलो, दाजीपूरच्या जंगलात पुन्हा जॅकेटं चढवली, राधानगरीच्या पुढे एका गुऱ्हाळावर कढईतली गरम काकवी पळसाच्या पानावर घेऊन चाटली, आणि कोल्हापूरपासून हायवे. हायवेवर सांगण्यासारखं असतं काय? घरी पोचलो तेव्हा ट्रिपमीटरवर १,०१२ किलोमीटर आणि माझ्या भुवयांत मीठ होतं.

पुढच्याच रविवारी जाऊन मी पायाने मारायचा पंप आणला. चांगला, पितळी नोझलचा. ग्रुपवर फोटो टाकला. तीन अंगठे आले. मग बऱ्याच वेळाने मंदारचा मेसेज: "आणि ट्यूब?"

ती माझ्या चाकात आहे. नवी अजून कोणी घेतलेली नाही.