रेडमधे गेलेली तक्रार

मी एका सरकारी खात्याच्या तक्रार विभागात आहे. पाणी, ड्रेनेज, रस्ते असली सगळी रडगाणी आमच्याकडे येतात. टार्गेट एकच, तक्रार आली की सात दिवसांत निकाली. मुदतीत किती टक्के काढल्या तो आकडा दर आढावा बैठकीत पडद्यावर येतो आणि ज्याचा रंग लाल त्याची सगळ्यांसमोर बिनपाण्याने होते.

मधे आमचं ऑफिस एकदम नव्वदीच्या वर गेलं, तेव्हा वरून आलं की बंद झालेल्या काही तक्रारींच्या लोकांना फोन करून विचारा समाधानी आहात का. काम माझ्या गळ्यात. पहिल्याच बाई म्हणाल्या, "बंद झाली? कोणी केली हो बंद? गटाराचं पाणी आत्ताही दारात आहे, या बघायला." रेकॉर्डवर शेरा होता, 'तक्रारदाराशी संपर्क होऊ शकला नाही, सबब तक्रार बंद'. मला तर त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला फोन!

मग पुढच्या काही 'संबंधित विभागाकडे वर्ग'. वर्ग केली की आमच्याकडून ती निकाली धरतात, तिकडे घड्याळ शून्यापासून सुरू, मग तिकडचे परत इकडे ढकलतात, म्हणजे एकच फुटका पाइप दोन ऑफिसांच्या खात्यात वेळेत निकाली आणि पाणी वाहतंय ते वाहतंच. तारखा बघितल्या तर बहुतेक सातव्या दिवशी संध्याकाळी बंद. हे सगळं ऐकून होतो खरं तर, नवीन काही नाही.

पण त्याच लिस्टच्या तळाशी एक उघडी तक्रार होती, मॅनहोलचं झाकण फुटलंय म्हणून, कित्येक महिन्यांपूर्वीची. तिच्यावर एकही शेरा नाही, खोटी बंद करायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नव्हते. इंजिनिअरला विचारलं की अरे झाकण बसवायला लागतो किती वेळ. तो म्हणाला, "ती रेडमधे गेली ना कधीच. आता आज केली काय नि पुढच्या महिन्यात केली काय, माझ्या टक्केवारीत काडीचा फरक नाही. आज टीम तिकडे पाठवली तर इकडे सातव्या दिवसाच्या आहेत त्या पण रेड होतील, मग बैठकीत माझ्या जागी तू उभा राहणार का?"

मला उत्तरच सुचेना, कारण हिशोब बरोबर होता त्याचा. माणूस कामचुकार पण नाही, भर पावसात स्वतः चेंबरमधे उतरलेला बघितलाय मी त्याला. शेवटी मीच त्या तक्रारदाराला फोन करून म्हटलं की दादा, तुम्ही नवीन तक्रार टाका. टाकली, आणि मुदतीच्या आत झाकण बसलं! जुनी अजून उघडीच आहे.

नंतर याबद्दल वाचायला लागलो तर इंग्लंडमधलं ब्रिस्टलचं डोळ्यांचं हॉस्पिटल सापडलं. तिथे नव्या पेशंटच्या पहिल्या अपॉइंटमेंटला टार्गेट होतं, फॉलोअपला नव्हतं, म्हणून फॉलोअप रद्द करत किंवा पुढे ढकलत गेले. दोन वर्षांत निदान २५ जणांची दृष्टी गेली असा अंदाज २००३ मधे तिथल्या संसदेच्या समितीपुढे आला होता. काचबिंदूवाल्याला पहिल्या भेटीपेक्षा पुढच्या तपासण्याच जास्त महत्त्वाच्या असतात, पण त्या मोजतंय कोण. आमच्याकडे आठवा दिवस उजाडला की माणूस असाच हिशोबाबाहेर जातो.

टार्गेट नव्हतं तेव्हा सगळं छान होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, तेव्हा फायली नुसत्या पिवळ्या पडायच्या. म्हणून रिपोर्टमधे एवढंच लिहिलं की टक्केवारीशेजारी सर्वात जुनी तक्रार किती दिवसांची तेही दाखवा, आणि बंद करायचा अधिकार तक्रारदाराला द्या, त्याला ओटीपी जाऊ दे.

बैठकीत दोन्ही मुद्दे बाजूला पडले आणि नवीन टार्गेट आलं, पुन्हा उघडलेल्या तक्रारी पाच टक्क्यांच्या आत हव्यात. मागच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, साहेब, त्याच माणसाने त्याच कामाची परत तक्रार टाकली तर ती पुन्हा उघडलेली धरायची का नवीन?

साहेब म्हणाले, नवीन.