वणीचा गड, ३६ चं चक्र आणि माझी जिरलेली हौस

फेब्रुवारीत पहिल्यांदा सायकलवर सप्तशृंगी गडाला गेलो, तेव्हा घाटातली शेवटची चार वळणं सायकल ढकलत चढलो. बुटाच्या क्लीट (पॅडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या पट्ट्या) डांबरावर टकटक वाजत होत्या, घसरतही होत्या. शेजारून एसटी गेली. खिडकीतून एक आजी ओरडल्या, "अरे बाळा, टपावर टाक की ती!" त्याच घाटात माझा मामेभाऊ जुन्या, जड एमटीबीवर (माउंटन बाइकवर) गप्पा मारत वर गेला होता. "दादा, थांबू का?" असं त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. पाय तेच, वजनही तेच (किलोभर जास्तच असेल). या वेळी मात्र उतरावं लागलं नाही. मधल्या काळात फक्त सायकलची दात्यांची चक्रं आणि त्यांच्यासोबतचे एक-दोन भाग बदलले होते.

नाशिकहून रस्ता सरळ आहे: म्हसरूळ, दिंडोरी, वणी, नांदुरी आणि मग घाट. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. पहाटे पाचला निघा. थंडीत दिंडोरीपर्यंत द्राक्षबागांच्या गारव्याने बोटं आखडतात, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. ओझरखेड धरणापर्यंत रस्ता चढउताराचा आहे, पण फसवा. इथे जोर लावलात तर नांदुरीत उधारी फेडावी लागते. पाणी वणीत भरा, चहा नांदुरीत घ्या. नांदुरीपासून गडापर्यंतचा घाट दहा किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

माझ्या रोडबाइकला पुढे ५२/३६ (५२ आणि ३६ दात्यांची दोन चक्रं) आणि मागे ११-२८ (११ ते २८ दात्यांची चक्रं) होतं. म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३६/२८, पुढे ३६ आणि मागे २८. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.७ मीटर पुढे जाते. माझ्यासारख्या माणसाला उभ्या चढावर ताशी आठ किलोमीटर निघाले तरी पुष्कळ. त्या वेगाला ३६/२८ वर मिनिटाला जेमतेम पन्नास फेरे बसतात. पन्नासला पाय फिरत नाहीत, रेटतात. गुडघे दुखतात, मांड्या भरतात, आणि पाच-सहा किलोमीटरनंतर माणूस खाली उतरतो. त्याच वेगाला ३४/३४ वर चौसष्टच्या आसपास फेरे पडतात. ताकद तेवढीच लागते, पण ती लहान लहान घासांत जाते. मामेभावाकडे पुढे २२ आणि मागे ३४ होतं, त्यामुळे त्याला श्वास उरत होता. मला वाटत होतं की तो दांडगा आहे.

मी पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ केलं. इथे एक हिशोब आधी मांडा: पुढच्या दोन चक्रांमधला फरक १६, मागच्या मोठ्या-लहान चक्रांतला २३, बेरीज ३९. तेवढी ढिली चेन डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या भागाला) सांभाळता यायला हवी. माझ्या अकरा गिअरच्या शिमानो १०५ चा आखूड केजचा (चेन ताणून धरणाऱ्या दांड्याचा) डिरेलर मागे ३० दात्यांपर्यंतच चालतो. ३४ ला लांब केजचा लागतो, म्हणून तोही बदलला. जुनी चेन आखूड पडते. तिच्यावर चुकून पुढचं मोठं आणि मागचंही मोठं चक्र लावलंत तर डिरेलर मोडून हातात येईल. नवी चेन घालाच.

आणि ती रिंग! नवीन कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवून म्हसरूळपर्यंत गेलो तर मागे खडखड. कॅसेट हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) हलत होती. घरी येऊन खोका उघडला, तर तीच रिंग, म्हणजे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, प्लॅस्टिकला तसाच चिकटलेला. ही ११-३४ अकरा गिअरच्या रोड हबवर बसवताना तो आधी घालावा लागतो. मेकॅनिकने तो बघितलाच नव्हता. तुम्ही मात्र खोका टाकून देण्याआधी नीट झटका.

शर्यतीची गोष्ट वेगळी आहे, तिथे सगळ्यांनी ३४ घ्यावं असं मी म्हणणार नाही. ११-२८ मध्ये ११ ते १५ हे सगळे दाते सलग मिळतात. ११-३४ मध्ये १२ आणि १४ गायब आहेत. सपाटीवर घोळक्यात ताशी ४२ ने चाललं असताना ५२/१४ वर मिनिटाला नव्वद फेरे आरामात पडतात. १४ नसेल तर १३ वर ८४ किंवा १५ वर ९६, आणि दोन्ही नकोसे वाटतात. शर्यत दिंडोरीकडच्या सपाटीवर ठरणार असेल आणि चढ छोटे असतील, तर ११-२८ किंवा ११-३० च बरं. शेवट गडावर असेल तर ३४ घ्या आणि चारचौघांत त्याची लाज बाळगू नका. "एवढी मोठी थाळी?" असं विचारणारे बहुतेक नांदुरीत चहाच पीत बसलेले असतात.

गडावर माकडांपासून केळी सांभाळा. देवीच्या पायऱ्या क्लीट घालून चढू नका, पाठीच्या पिशवीत चप्पल असू द्या. चैत्र पौर्णिमेच्या आणि नवरात्राच्या गर्दीत सायकल नेऊच नका.

उतरताना वळणाआधी ब्रेक दाबा, वळणात नाही. रिम ब्रेक असतील तर सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. मी नांदुरीपर्यंत पॅडल फारसं मारलंच नाही, त्यामुळे ज्या ११ साठी लोक एवढा वाद घालतात त्यावर चेन एकदाही गेली नाही. ३४ वर मात्र ती वर जाताना अर्धा तास होती. मधेच एक एसटी गेली. या वेळी कुणी काही बोललं नाही, फक्त एका पोराने खिडकीतून हात हलवला.