आईची पाण्याची बाटली

आमच्या वसईत ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हटलं की शुक्रवारी मटण-चिकन बंद आणि मग घरोघरी कालवणाचा वास, आता कोलंबी नि बोंबील खाऊन कसला आलाय त्याग, पण लहानपणी आम्ही तेही तोंड पाडून खायचो.

इथे कुवेतला 2025 मध्ये गंमत झाली. रमजान 1 मार्चला लागला आणि राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून आमचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, आला 5 मार्चला. रमजानात दिवसा चारचौघात पाणी पिणं कायद्यानेच बंद, त्यामुळे बाटली बॅगेत लपवलेली. शेजारच्या टेबलवरचा इजिप्तचा सहकारी कपाळावरची राख बघून म्हणाला, तुमचाही रोजा का? म्हटलं हो, 40 दिवसांचा, पण आम्हाला पाणी चालतं. आणि पाणी म्हटल्यावर मला आईच आठवली.

आईचं डायलिसिस चालू होऊन दीड वर्ष झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सुयांचं तिला काही वाटत नाही, छळतं ते पाणी. लघवी जवळजवळ होतच नाही म्हणजे प्यायलेलं अंगातच साठणार, म्हणून सगळं मोजून. सकाळी एक छोटी बाटली भरते, ती संपली की संपलं, मग बर्फाचा खडा चघळत बसायचं. घरामागे वाडी आहे, नारळ लगडलेत पण शहाळं बंद, केळी बंद, पोटॅशियम वाढतं ना, सुकट खारी म्हणून तीही बंद. "माझा उपवासकाळ बारा महिने," असं म्हणते, कधी हसून, कधी न हसता.

"देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो" असले मेसेज पाठवणाऱ्यांना मी सरळ म्यूट केलंय. एकदा आईलाच विचारलं, तुला राग नाही येत देवाचा? "येतो की. दुपारी घसा सुकतो तेव्हा तर फार येतो. मग त्यालाच सांगते, अजून कुणाला सांगू, तू तिकडे."

हे लागलं मला. घरी जायला सुट्टी मागितली होती, नाही मिळाली. त्यावर आई म्हणते, आपला संत गोन्सालो गार्सिया वसईतून गेला तो 1597 ला नागासाकीला क्रुसावरच गेला, त्याला कुठे सुट्टी मिळाली! तिचे विनोद हे असे.

इथे शुक्रवारी सुट्टी असते त्यामुळे शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आयता मिळतो, ईस्टरला मात्र ऑफिस. तर 18 एप्रिलला होली फॅमिली कॅथेड्रलला गेले, एवढी गर्दी की बाहेरच उभी राहिले. आत येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जात होता, दर वर्षी ऐकतो तोच, आणि क्रुसावरच्या येशूचं "मला तहान लागली आहे" हे वाक्य आलं. लहानपणापासून ऐकतेय, पण त्या दिवशी पुढचं काही ऐकूच आलं नाही, डोळ्यासमोर ती बाटली.

रात्री व्हिडिओ कॉल केला. ती पण चर्चला जाऊन आलेली, मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून का होईना. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "ऐकलंस ना आज? त्यालाही पाणी मागायला लागलं, आणि दिलं काय तर आंबलेला द्राक्षारस. तो मला विसरेल होय गं?"

मला काही बोलताच येईना. मग तिचं नेहमीचं, जेवलीस का, आज उपवास म्हणून उपाशी नको झोपू, तुला अॅसिडिटी होते.

फोन ठेवताना तिने बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. तळाला दोन बोटं पाणी. "बघ, रोझरीच्या प्रार्थनेनंतर प्यायला ठेवलंय."