यंदा लायन्स किती काढणार?

मे महिन्यात एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचं, शेड्युल आलं की इकडे डेट्रॉईटच्या आसपास जो तो आपल्या लायन्स टीमचा ज्योतिषी होतो. ऑफिसात, आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळीकडे एकच चर्चा, सीझनच्या १७ मॅचेसपैकी किती जिंकणार. लोक एकेक मॅच बघत टिक मारत जातात, घरच्या सगळ्या जिंकल्याच म्हणून धरतात, डिसेंबरात ग्रीन बेला जायचं असेल तर तेवढी एक उदार मनाने तिथल्या पॅकर्स टीमला देऊन टाकतात आणि शेवटी बेरीज येते १४-३, म्हणजे १४ विजय, ३ पराभव. दरवर्षी!

अरे पण हिशोब तरी बघा ना, ३२ टीम, रेग्युलर सीझनच्या मॅचेस २७२, म्हणजे वाटायला विजय पण तेवढेच. प्रत्येक टीमच्या फॅन्सनी १२-१२ धरले तर ३८४ होतात, वरचे ११२ आणणार कुठून?

जुने फॅन्स मात्र सावध, त्यांनी २००८ चा ०-१६ पाहिलाय, ते ९-८ म्हणतात आणि गप्प बसतात. आणि २०२४ चंच घ्या की, ऑक्टोबरात डिफेन्समधल्या हचिन्सनचा पाय मोडला, बाकीचा डिफेन्सही एकामागून एक जखमी, तरी १५-२ झालं, आणि मग प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) पहिल्याच मॅचला वॉशिंग्टनकडून घरच्या मैदानावर हरले. आता हे कुठल्या टिकमध्ये बसवायचं सांगा.

माझा आकडा ११-६. शिकागोच्या बेअर्सविरुद्धच्या दोन्ही मॅचेस जिंकलेल्या धरून, त्यावर वाद नको.